पन्नास हजारांत ५.१ : साने गुरुजी वसाहतीतल्या एका हॉलचं प्रकरण

"काय बोलत्यात ते कळंना, आणि गाणं लागलं की कान फुटत्यात." आजींची ही तक्रार या प्रकरणाचं मूळ. टीव्ही ४३ इंची, भिंतीवर टांगलेला. त्याचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे आवाज आधी टीव्हीखालच्या युनिटवर आपटतो आणि मग माणसापर्यंत येतो. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत वाढतं, शब्द मात्र तिथंच राहतात.

घर कोल्हापूरच्या साने गुरुजी वसाहतीत, तळमजल्यावर. वरच्या मजल्यावर भाडेकरू. संध्याकाळी आजींच्या मालिका, रात्री उशिरा मुलाचं फुटबॉल आणि शनिवारी सगळे मिळून सिनेमा, असा हॉलचा वापर. वायर, स्टँड, खिळे-स्क्रू धरून एकूण ५०,००० रुपये. मुलाला ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, हवं होतं, आजींना शब्द हवे होते. दोन्ही मागण्या एकाच यादीत बसतात, पण त्यासाठी पैशाचा क्रम उलटा लावावा लागतो: आधी मधला स्पीकर, मग डावा-उजवा, मग सबवूफर आणि सगळ्यात शेवटी मागची जोडी. बहुतेक लोक "मागून आवाज येतो का?" या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि फसतात ते तिथंच.

खोली

हॉल १५ फूट लांब, ११ फूट रुंद, १० फूट उंच. टीव्ही ११ फुटी भिंतीवर. सोफा समोरच्या भिंतीला अगदी चिकटवलेला. उजव्या भिंतीला दिवाण, ती आजींची जागा. डाव्या भिंतीचा मागचा अर्धा भाग स्वयंपाकघराकडे उघडा. फरशी व्हिट्रिफाइड, भिंती कोऱ्या, खिडकीला पातळ पडदा. हॉलच्या मधोमध एक टाळी वाजवली तर पाठोपाठ "टर्रर्र" असा प्रतिध्वनी येत होता. अशा खोलीत लाखाचा सेट आणला तरी शब्द पुसटच राहणार.

खर्जाचं गणित मोजायची टेप लावून करता येतं. ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीनं त्याला भागलं की त्या भिंतींमध्ये घुमणारा पहिला सूर मिळतो. १५ फूट म्हणजे ४.५७ मीटर, म्हणून सुमारे ३७.५ हर्ट्झ आणि त्याच्या दुप्पट ७५ हर्ट्झ. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर, म्हणून सुमारे ५१ हर्ट्झ. हे सूर भिंतीलगत सगळ्यात जोरात लागतात. सोफा मागच्या भिंतीला चिकटलेला असला की ढोलाचा आणि भारदस्त आवाजाचा ७५ हर्ट्झच्या आसपासचा भाग फुगून "बुम्म" होतो. खोलीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे मागच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर, तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पहिला बदल फुकटातला होता. सोफा पुढे ओढून बसणाऱ्याचे कान भिंतीपासून ३ फुटांवर आणले. घरच्यांना हे आधी पटलं नाही, सोफ्यामागे केर साठेल म्हणून. पण झाडू फिरेल एवढी वाट राहते हे दाखवल्यावर तयार झाले.

काय घेतलं नाही आणि का

पहिला पर्याय होता सहा-सात हजारांचा तयार ५.१ संच, खोक्यावर हजारो वॉट पीएमपीओ, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद, छापलेला. पीएमपीओ मोजायचं कुठलंच सर्वमान्य प्रमाण नाही. संच उलटा करून मागचं लेबल वाचायचं. तिथं २३० व्होल्टपुढे ८० किंवा ९० वॉट लिहिलं असेल, तर पाच हजार वॉट येणार कुठून? पण वॉटपेक्षा मोठा दोष आत आहे. छोट्या डब्यांत अडीच-तीन इंची कोन (आवाज काढणारे थरथरते पडदे) असतात, त्यांना १५०-२०० हर्ट्झच्या खाली काही जमत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. म्हणजे पात्राचं तोंड टीव्हीवर हलतं आणि त्याच्या आवाजाचा खालचा अर्धा भाग कोपऱ्यातल्या सबवूफरमधून निघतो. शिवाय यातल्या बऱ्याच संचांत डिकोडरच, म्हणजे ५.१ चे सुटे आवाज (चॅनेल) उलगडणारा भागच, नसतो. ब्लूटूथ किंवा ऑक्सवरून आलेले दोनच चॅनेल पाच डब्यांत वाटून दिलेले असतात. मागून आवाज येतो खरा, पण पुढचाच.

दुसरा पर्याय वायरनं जोडायच्या मागच्या स्पीकरांसह येणारा ५.१ साउंडबार. बजेट वीस हजारांचं असतं तर बिनदिक्कत हाच सुचवला असता. एचडीएमआय एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलमधूनच बाहेर देणारी सोय) आहे, खरा डॉल्बी डिजिटल डिकोडर आहे, एका दुपारी जोडून होतो. अडचण पुढची. यात अ‍ॅम्प्लिफायर बहुधा सबवूफरच्या डब्यात असतो आणि प्लग त्या कंपनीचेच. तो एक भाग गेला की सहाही डबे गप्प, आणि एखादा स्पीकर बदलून चांगला लावायची सोयही नाही. पन्नास हजार हातात असताना दहा वर्षं टिकेल असं सुटं सामान घेणं शहाणपणाचं.

मधला स्पीकर उभा का ठेवला

या प्रकरणात सगळ्यात जास्त वेळ इथं गेला, आणि तो सार्थकी लागला.

बाजारात 'सेंटर' म्हणून मिळतो तो आडवा डबा: दोन वूफर (खालच्या सुरांचे कोन), मध्ये ट्वीटर (वरच्या सुरांचा). टीव्हीखाली शोभतो. समोर बसलेल्याला छानही ऐकू येतो. पण आजी समोर बसत नाहीत. त्यांचा दिवाण मधल्या रेषेपासून ४ फूट बाजूला आणि टीव्हीच्या बाजूनं साडेसहा फुटांवर, म्हणजे सेंटरच्या तोंडापासून तीसएक अंश कडेला. आडव्या डब्यातले दोन वूफर एकमेकांपासून सुमारे ३० सेंटिमीटर लांब. तीस अंशांवरून एका वूफरचा आवाज दुसऱ्यापेक्षा १५ सेंटिमीटर जास्त अंतर कापून येतो. ११०० ते १२०० हर्ट्झच्या दरम्यान हे अंतर बरोबर अर्ध्या लहरीएवढं भरतं, आणि दोन्ही आवाज एकमेकांना खातात. बोलण्यातला स्पष्टपणा ठरतो त्याच पट्ट्यात खड्डा पडतो. म्हणजे ज्या माणसासाठी सेंटर घ्यायचा, त्याच माणसाच्या जागी तो सगळ्यात वाईट वाजणार.

दुकानात ही परीक्षा सोपी आहे. बातम्या लावायच्या, डब्यासमोर उभं राहायचं आणि बोलणं चालू असताना चार पावलं बाजूला सरकायचं. आडव्या सेंटरमध्ये निवेदिकेचा आवाज नाकात गेल्यासारखा, दबलेला होत गेला. पाच इंची वूफर आणि वर ट्वीटर असलेल्या साध्या उभ्या बुकशेल्फ स्पीकरमध्ये मात्र तो जवळजवळ तसाच राहिला. म्हणून डावा, उजवा आणि मधला असे तिन्ही एकाच मॉडेलचे बुकशेल्फ घेतले. मोटार डावीकडून उजवीकडे गेली तर तिचा आवाज मध्येच बदलत नाही, हा दुसरा फायदा.

अडचण एकच: बुकशेल्फ जोडीनं विकतात. राजारामपुरीतल्या दुकानात डेमोसाठी उघडलेली एक जोडी होती, तिच्यातला एक सुटा ५,००० रुपयांना मिळाला. जोडीचा भाव ८,५०० असताना हे महाग वाटतं, पण आडवा सेंटर ६,५०० ला होता. विचारल्याशिवाय दुकानदार जोडी फोडत नाही, म्हणून विचारायचं.

उंची जमते का ते आधी मोजलं. युनिट १८ इंच, स्पीकर साडेबारा इंच, मिळून साडेतीस. टीव्हीची खालची कड ३३ इंचांवर, म्हणजे बसतो. स्पीकर युनिटच्या पुढच्या काठाला आणला. मागे सरकवला तर युनिटचा पृष्ठभागच आवाज परतवतो आणि बोलणं मडक्यातून आल्यासारखं होतं. ट्वीटर २७ इंचांवर आणि सोफ्यावरचे कान ३८ इंचांवर, म्हणून पुढच्या बाजूखाली दाराला लावतात ती रबरी पाचर घालून तोंड पाऊण इंच वर उचललं.

रिसीव्हर

रिसीव्हर म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा अ‍ॅम्प्लिफायर. नवा ५.१ रिसीव्हर घेतला असता तर निम्म्याहून जास्त पैसे तिथंच संपले असते. इथं जुना, १४,००० रुपयांचा घेतला, आणि तो का चालतो हे समजून घेण्यासारखं आहे. या घरात सेट-टॉप बॉक्स आणि ओटीटी दोन्ही टीव्हीलाच जोडलेले. चित्र रिसीव्हरमधून जातच नाही, त्यामुळे त्याला ४के येतं का हा प्रश्नच उरत नाही. टीव्हीकडून आवाज परत येण्यासाठी लागतं ते एआरसी, आणि ते २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे. ओटीटीवरचा डॉल्बी ५.१ त्यातून येतो. ब्लू-रेवरचा काटछाट न केलेला आवाज एआरसीतून येत नाही, त्याला ईएआरसी, म्हणजे एआरसीची सुधारलेली आवृत्ती, लागते. या घरात ब्लू-रे प्लेअर नाही, त्यामुळे त्यासाठी पैसे मोजायचं कारण नव्हतं.

जुना रिसीव्हर घेताना एकच स्पीकर हातात घेऊन तो पाचही चॅनेलना आळीपाळीनं लावायचा आणि टेस्ट टोन ऐकायचा. एआरसी खरोखर टीव्ही लावूनच तपासायचं, कारण उष्णतेनं एचडीएमआयचा बोर्ड सगळ्यात आधी जातो. अर्धा तास मोठ्यानं वाजवायचा आणि 'प्रोटेक्ट' म्हणून बंद पडत नाही ना ते पाहायचं. कॅलिब्रेशनचा (खोलीत मोजून स्पीकर आपोआप जुळवण्याचा) माइक सोबत नसेल तर भाव पाडायचा, कारण दुसऱ्या कंपनीचा माइक चालेलच असं नाही.

ताकदीचं म्हणाल तर स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे एका वॉटला एका मीटरवर ८७. सोफा ३.२ मीटरवर, तिथं १० डेसिबल कमी, म्हणजे ७७. घरात बोलणं ६५-७० डेसिबलला ऐकतात, म्हणजे मालिका पाहताना एक वॉटही लागत नाही. ५० वॉटला सुमारे ९४ मिळतात, शिवाय खोलीच्या भिंतींची थोडी भर. ताकद दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, म्हणून ५० ऐवजी १०० वॉटसाठी जादा पैसे देण्यात अर्थ नव्हता.

सबवूफर आणि मागची जोडी

आठ इंची, स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर १२,००० ला. त्याची जागा ठरवण्यासाठी त्यालाच सोफ्यावर माणसाच्या जागी ठेवलं, संथ बेस असलेलं गाणं लावलं आणि पुढच्या भिंतीलगत गुडघ्यावर रांगत ऐकलं. उजव्या कोपऱ्यात सगळे सूर एकच वाटत होते. कोपऱ्यापासून अडीच फुटांवर प्रत्येक सूर वेगळा कळायला लागला. सबवूफर तिथंच ठेवला.

या चाचणीत शोकेसची काच ५० हर्ट्झच्या आसपास खुळखुळायला लागली आणि आतली पितळी समई झणझणली. लोकांना वाटतं स्पीकर फाटला. काचेच्या खाचेत फेल्टची पट्टी, समईखाली कापडाची गोल चकती, आणि आवाज बंद.

मागच्या जोडीत मात्र हात आखडता घेतला. चार इंची कोनाचे साधे स्पीकर, जोडी ४,६००. टाळ्या, पाऊस आणि शाहू स्टेडियमवर उठतो तसला गोलचा गलका यांपलीकडे त्यांना फारसं काम नसतं. ५.१ मध्ये त्यांची जागा बसणाऱ्याच्या बाजूला, किंचित मागे, ११० ते १२० अंशांवर. डावीकडे भिंतच नसल्यानं दोन्ही मागच्या भिंतीच्या टोकांना, जमिनीपासून सव्वापाच फुटांवर लावले आणि त्यांची तोंडं माणसाकडे न करता एकमेकांकडे वळवली. मागून कुणी कानात बोलतंय असं वाटता कामा नये.

स्टँड, वायर, घोंगडी

तयार स्टँड महाग आणि हलके. शिवाजी उद्यमनगरात दोन स्टँड करून घेतले: ५० मिलिमीटर चौकोनी पाइप, ७० सेंटिमीटर उंच, खाली ५ मिलिमीटर जाडीची दहा इंची चौकोनी प्लेट. रंगासह दोन्हींचे १,९००. प्लेटचं वजन अडीच किलोच्या आसपास. पाइप पोकळ ठेवला तर घंटेसारखा वाजतो, म्हणून त्यात फाउंड्रीची कोरडी वाळू भरली, एकेकात दोन किलोच्या वर. वाळू आधी प्लास्टिकच्या लांब पिशवीत भरायची आणि मग पिशवी पाइपात सोडायची. ओली वाळू थेट ओतली तर कोल्हापूरच्या एका पावसाळ्यात पाइप आतून गंजायला लागतो. घरात लहान मूल असेल तर बुडाचं वजन आणखी वाढवायला हरकत नाही.

डावा-उजवा स्पीकर एकमेकांपासून ९ फुटांवर, म्हणजे सोफ्याच्या मध्यावरून दोन्हीकडे सुमारे २३ अंश. २२ ते ३० अंशांमध्ये हे बसतं. ३० गाठायला भिंत पुरत नव्हती.

वायर १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, एकूण ३० मीटर. सगळ्यात लांब फेरा मागच्या डाव्या स्पीकरचा, १२ मीटर, कारण वायर स्वयंपाकघराच्या वाटेच्या चौकटीवरून न्यावी लागली. जाऊन-येऊन त्याचा रोध ०.२९ ओहम, म्हणजे ६ ओहमच्या स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत. दिवाळीच्या माळेसारखी बारीक लाल-काळी वायर, अर्धा चौरस मिलिमीटरची, घेतली असती तर तोच रोध तिप्पट, म्हणजे ०.८७ ओहमच्या आसपास गेला असता. याहून महाग 'ऑक्सिजन-फ्री' वायरीला एवढ्या अंतरावर कानाला जाणवेल असा फायदा नाही.

टाळीचा टर्रर्र घालवण्यासाठी घरातलीच जाड घोंगडी सोफा आणि युनिटच्या मधल्या फरशीवर अंथरली आणि खिडकीला जाड पडदा लावला. लोकर वरचे सूर पिते, खर्जावर तिचा काही परिणाम नाही. तो भाग सोफ्याची आणि सबवूफरची जागाच सांभाळते.

पहिल्या दिवशी काय बिघडलं

सिनेमा लावला तर मागचे दोन्ही स्पीकर गप्प. रिसीव्हरच्या पट्टीवर 'स्टीरिओ' लिहिलेलं. टीव्हीचा ध्वनी-आउटपुट पीसीएमवर (टीव्हीनं स्वतःच उलगडून दिलेला आवाज) होता, आणि एआरसीतून पीसीएम दोनच चॅनेलचं जातं. ते 'पास-थ्रू' केल्यावर पट्टीवर 'डॉल्बी डिजिटल' उमटलं आणि मागून पाऊस पडायला लागला.

कॅलिब्रेशनच्या वेळी मागच्या डाव्या स्पीकरवर फेजची चूक दाखवली. चौकटीवरून वायर नेताना तिचे दोन तुकडे जोडले होते आणि जोडावर लाल-काळा उलटले होते. शंका आली की दीड व्होल्टचा सेल वायरीच्या टोकांना क्षणभर लावायचा. धन बाजू लाल टोकाला लागली तर कोन बाहेर आला पाहिजे.

तिसरी गोष्ट घरघर. रिसीव्हर चालू केला की सबवूफरमधून मंद गुणगुण, आवाज शून्यावर असतानाही. केबल टीव्हीची गोल वायर सेट-टॉप बॉक्समधून काढली की ती थांबली, म्हणजे अर्थिंगचा फेरा त्या वायरीतून बंद होत होता. केबलवाल्याकडून त्या वायरीत हा फेरा तोडणारा आयसोलेटर बसवून घेतला. अशा वेळी काही लोक प्लगची अर्थची पिन मोडतात, ते जिवावर बेतणारं आहे.

सेटिंग

माइक सोफ्याच्या पाठीवर न टेकवता मोबाइलच्या ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला. पंखा बंद, फ्रिजच्या मोटारीचा आवाज थांबेपर्यंत थांबायचं. सबवूफरचा क्रॉसओव्हरचा (ज्या सुराखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती मर्यादा) खटका पूर्ण वर आणि आवाज मध्यावर ठेवून मगच मोजणी. रिसीव्हरनं पुढचे स्पीकर 'लार्ज' ठरवले, ते 'स्मॉल' केले, म्हणजे त्यांचा खर्ज सबवूफरकडे गेला. क्रॉसओव्हर पुढच्या तिघांना ८०, मागच्यांना १२० हर्ट्झ. सबवूफरचं अंतर टेपपेक्षा चार फुटांनी जास्त दाखवलं, त्याला हात लावला नाही, कारण सबवूफरच्या आतल्या सर्किटचा उशीर त्यात धरलेला असतो.

मधला स्पीकर २ डेसिबलनं वाढवला. आणि मुख्य गोष्ट अशी की बहुतेक मालिका स्टीरिओमध्येच येतात. 'स्टीरिओ' मोडवर ठेवलं तर सेंटर मुकाच राहतो. रिसीव्हरच्या टीव्ही इनपुटला डॉल्बीचा सराउंड मोड कायमचा लावून दिला, तेव्हा शब्द मधल्या स्पीकरवर आले. रात्री साडेदहानंतर 'नाइट' मोड, त्यात मोठे आवाज दबतात आणि बारीक वर येतात. वरच्या भाडेकरूंसाठी तेवढ्या वेळापुरता सबवूफर ६ डेसिबलनं खाली.

खर्च असा झाला: रिसीव्हर १४,०००, डावा-उजवा ८,५००, मधला ५,०००, सबवूफर १२,०००, मागचे ४,६००. वायर १,५००, एचडीएमआय केबल ४००, स्टँड १,९००, भिंतीचे ब्रॅकेट ५००, स्पाइक गार्ड ७००. एकूण ४९,१००. उरलेल्या ९०० रुपयांतून आयसोलेटर, फेल्ट, रबरी पाचर आणि केसिंग-पट्टी निघाली.

पावसाळ्यासाठी घरच्यांना दोनच सूचना लिहून दिल्या. रिसीव्हरच्या वर चार इंच जागा मोकळी ठेवायची, त्यावर विणलेला रुमाल किंवा सेट-टॉप बॉक्स ठेवायचा नाही. आणि जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी तासभर सगळं वाजवायचं, कारण बंद ठेवलेल्या जाळीच्या कापडावर बुरशी लवकर धरते. आजींच्या मालिका रोजच्याच असल्यानं दुसरी सूचना आपोआप पाळली जाते.